तापलं

१

आमच्या घरात 'तापलं' या शब्दाचे दोन अर्थ होते.

पहिला कुणालाही कळेल असा. सकाळी आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, "तापलं रे!" म्हणजे गीझरचं पाणी तापलं, आंघोळीला पळा. दुसरा अर्थ फक्त आईला, मला आणि धाकटीला ठाऊक होता. तेव्हा आई ओरडायची नाही. भाजी चिरता चिरता, मान वर न करता, शेजारणीला हवापाणी सांगावं तशा आवाजात म्हणायची, "तापलं." मग आम्ही दोघं हातातलं टाकून बाथरूममध्ये शिरायचो, कडी लावायचो आणि गीझर चालू करायचो. बाबांना वाटायचं, पोरं आंघोळीला गेली.

बाबा कारखान्यात बॉयलरवर होते. दिवसभर काट्यावर नजर ठेवायची, काटा चढला की वाफ सोडायची. घरी आल्यावर काटा त्यांच्यातच असायचा. सगळं होऊन गेल्यावर ते खुर्चीत बसत आणि समजावून सांगत, "प्रेशर बाहेर काढावंच लागतं. नाहीतर टाकी फुटते." त्या वेळी आईचा ओठ फुटलेला असे. एकदा त्यांनी उकळती किटली भिरकावली होती. तिचा डाग भिंतीवर आणि आईच्या दंडावर एकाच आकाराचा उमटला.

आत आम्ही गीझरखाली उकिडवे बसायचो. आमच्या भागातल्या पाण्यात क्षार भयंकर. टाकी तापू लागली की तिच्या पोटात कडकड सुरू व्हायची, कुणी दातांखाली खडे फोडतंय तशी. तो आवाज आम्हाला आवडायचा, कारण त्यात बाहेरचे आवाज बुडायचे. शेवटी मात्र बाबांना शंका यायचीच. दारावर ठोके पडायचे. दोन ठोके. मग थांबणं. त्या थांबण्यात आम्ही श्वास धरून ठेवायचो. मग तिसरा, सगळ्यात मोठा. तिसऱ्यानंतर कधी काहीच नसायचं, कधी लाथ. दाराच्या खालच्या फळीत पडलेले खळगे आईने लांबी भरून, वर रंग मारून बुजवले. बघून कळत नाहीत. हात फिरवला की कळतात.

मी शिकायला म्हणून लांब गेलो आणि लांबच राहिलो. बाबा गेल्या थंडीत वारले. त्यानंतर मी परत आलो.

२

मी पाणी शिकलो. लोकांना हे ऐकून हसू येतं, पण असतं तसं शिक्षण. पाण्यात काय विरघळतं, तापवल्यावर त्यातून काय बाहेर पडतं, ते कुठे जाऊन बसतं, हे मी वर्षानुवर्षं शिकलो आणि मनाशी ठरवलं की हे ज्ञान घेऊन आपल्याच गल्लीत परतायचं. घरोघरच्या टाक्या आतून दगड होत चालल्यात, वीज फुकट जळतेय, व्हॉल्व्ह बुजलेत, आणि कुणाला त्याची खंत नाही! मला वाटायचं, एक घर स्वच्छ झालं की शेजारचं होईल. माणसं आतलं साचलेलं बघायला शिकतील. मी हे जेवताना बोलायचो, जिन्यात बोलायचो, दूधवाल्याशीही बोलायचो.

"आले आमचे टाकीसम्राट," धाकटी म्हणायची. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. "दादा, आपला धंदा एकच. मी माणसांचे दात खरवडते, तू गीझरचे. फक्त माझे पेशंट बोंबलतात."

"तुझ्या पेशंटला दुखतं म्हणून तो येतो. टाकीला दुखत नाही. ती एक दिवस सरळ फुटते."

"तोंडात बोळा घालू का याच्या?" ती आईला विचारायची. आई हसायची. बाबा गेल्यापासून या घरात मोठ्याने हसता येत होतं. मी नसताना त्या दोघींनी हे घर कमावलं होतं. मला ते दिसत होतं, आणि तेच जपायला मी आलोय असं मला मनापासून वाटत होतं.

आमचा गीझर तोच होता, जुना, उभा, पोट सुटलेला. पहिल्याच आठवड्यात मी त्याचा व्हॉल्व्ह तपासला. क्षाराने पूर्ण लिंपला गेला होता. म्हणजे आत दाब वाढला तर सुटकेची वाटच नव्हती, आणि या टाकीखाली धाकटी रोज उभी राहत होती.

गल्लीतल्या प्लंबरला बोलावलं. त्याला सगळे 'वॉशर' म्हणायचे, कारण कुठलीही तक्रार सांगा, तो म्हणायचा वॉशर गेलाय. शेजारच्या मुलीचं लग्न मोडलं तेव्हाही तेच म्हणाला होता म्हणे. त्याने टाकीवर टिचकी मारली, कान लावला.

"ही टाकी नाय राहिली साहेब. धोंडा आहे. पाडा आणि नवीन घ्या."

"वॉशर नाही ना गेला?" धाकटीने विचारलं.

"ताई, वॉशर जायला आत जागा तर पाहिजे!"

मला ते पटलं नाही. फेकून देणं म्हणजे काहीच न समजून घेणं. "मी साफ करतो," मी म्हणालो. "सगळा थर काढतो. माझ्या हाताने."

आई ओट्यापाशी होती. तिने नळ बंद केला. "राहू दे ना रे. चाललंय ते चाललंय."

"आई, चालत नाहीये. साचतंय."

३

शनिवारी सकाळी दोघी बाहेर गेल्या तेव्हा मी कामाला लागलो. मेन स्विच बंद केला, वायर सोडवल्या, त्यांच्या टोकांना पट्टी गुंडाळली. खालचा नळ उघडून टाकी रिकामी केली. पाणी ताकासारखं पांढरट आलं, मग धार बारीक झाली, मग थेंब. मी स्टुलावर उभा राहून खालच्या चकतीच्या, म्हणजे पाणी तापवणारी कॉइल जिच्यावर बसवलेली असते तिच्या नटांवर तेल सोडत होतो.

टाकीतून ठोका आला. लगेच दुसरा.

मी थांबलो. तेलाचा डबा तिरका होता आणि तेल माझ्या मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं, एवढं मला दिसत होतं.

मग तिसरा.

याला सरळ उत्तर आहे. पाणी उतरलं की थर सुटा होतो, खपल्या तळाला पडतात, रिकाम्या पत्र्यात त्याचा आवाज घुमतो. दोन पडल्या, थोड्या वेळाने तिसरी पडली. मी हे स्वतःला मोठ्याने समजावलं. बाथरूममध्ये माझाच आवाज फरशीवरून परत आला. शिवाय तिसरा ठोका बोथट होता. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या वस्तूने मारावा तसा. बाबांचा तिसरा ठोका सगळ्यात मोठा असायचा. हा नव्हता. म्हणून मला बरं वाटलं. आपण नेमकं कशाने निर्धास्त झालो, याचा विचार मी केला नाही.

नट निघाले. चकती सैल झाली, पण कॉइल बाहेर येईना. कॉइलवरचा थर टाकीच्या तोंडापेक्षा जाड झाला होता. मी छिन्नी आत घालून चाचपडत एक तुकडा फोडला. तो बाहेर पडला आणि मी झेलला. पांढरा, कडांना तपकिरी, अर्ध्या तळहाताएवढा. वरून खडबडीत. आतल्या बाजूने गुळगुळीत, आणि त्या गुळगुळीत भागावर बारीक रेषा. एकमेकींना छेदणाऱ्या, हाडाच्या सांध्यावर कातडी दुमडते तशा.

थर ज्यावर बसतो त्याचा आकार घेतो. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. कॉइल म्हणजे गुळगुळीत धातूची नळी. तिच्यावर रेषा नसतात.

४

दोघी परतल्यावर धाकटीने तो तुकडा खिडकीशी नेऊन उजेडात धरला. आधी तिने नेहमीसारखं काहीतरी चावट बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं.

"हा साचा आहे," ती म्हणाली. "आम्ही दातांचे घेतो ना, तसाच. आत काहीतरी होतं, त्यावर हे घट्ट बसलं." तिने आपल्या मुठीचे उंचवटे त्या खळग्यात टेकवून पाहिले. खळगा मोठा होता. "पुरुषाचा आहे."

"क्षारात नर-मादी नसतं."

"दादा, बाबांचा हात आहे हा."

स्वयंपाकघरात आईच्या हातून काहीतरी पडलं. ती आत आली नाही, फक्त तिथूनच म्हणाली, "टाकून द्या. घरात नको."

मी तुकडा धाकटीच्या हातातून काढून घेतला, जरा जोरातच. मग मोबाइलची बॅटरी लावून स्टुलावर चढलो आणि चकतीच्या फटीतून आत पाहिलं. तिला दाखवून द्यायचं होतं की आत फक्त एक गाठ आहे, ओबडधोबड, कुठल्याही जुन्या टाकीत असते तशी.

कॉइलभोवती मूठ आवळलेली होती.

मी एवढंच पाहिलं, कारण माझा श्वास मोबाइलच्या काचेवर बसला आणि उजेड धुरकटला. पण एवढं स्पष्ट होतं: चार बोटांचे उंचवटे, वर आडवा अंगठा, उजवा हात. आणि करंगळी मधल्या सांध्यातून बाहेर वळलेली, चुकीच्या दिशेने, एखादं झाकण नीट न बसल्यासारखी.

मी खाली उतरलो तेव्हा मला हसू फुटलं. खरोखरचं. कारण बाबांची बोटं मला पाठ आहेत. ती किती जवळून पाहिलीत मी! त्यांची करंगळी सरळ होती. शेवटपर्यंत सरळ.

"बाबांचा नाही," मी म्हणालो. "शंभर टक्के नाही."

"मग कुणाचा?" धाकटीने विचारलं.

५

रविवारी मी टाकी भिंतीवरून उतरवून बाथरूमच्या फरशीवर आडवी केली आणि आत ॲसिड ओतलं. टाकी फसफसली. थरातून वायू सुटत होता, यात काही नवल नाही. ॲसिड पडलं की तो सुटतोच. फक्त तो आवाज एकसारखा नव्हता. मध्येच दबायचा, मध्येच उसळायचा, दाताआडून कुणी शिव्या द्याव्यात तसा. वास डोक्यात गेला. मी धुऊन काढलं, छिन्नी घातली, पाना अडकवून चकती ओढू लागलो. निघेना. हातोडी घेतली. घरभर घणघण सुरू झाली.

आई दारात येऊन उभी राहिली. "पुरे. शेजारी बघताहेत."

"बघू देत! हेच, हेच तुमचं. शेजारी बघताहेत म्हणून सगळं आत ठेवायचं. तुम्ही इतकी वर्षं साचू दिलंत म्हणून ही टाकी अशी झाली!"

"मी?" आई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाना पुन्हा लावला, सगळा जोर दिला, तो सटकला आणि माझ्या बोटांची सालं निघाली. खरं तर तिथे थांबायला हवं होतं. मी पाना भिंतीवर फेकला. फरशीचा कपचा उडाला. मग मी टाकीला ठोसा मारला. पत्रा आत गेला, बरं वाटलं. दुसरा मारला. आतून धुळीसारखा थर गळाल्याचा आवाज आला आणि मला वाटलं, आता सुटतंय, आता मोकळं होतंय! मी मारत राहिलो. पत्र्याच्या खळग्यात रक्त साचलं. शेवटच्या ठोशाला काहीतरी काडकन मोडलं आणि मला वाटलं, थर मोडला.

तो थर नव्हता. धाकटी धावत आली, माझा उजवा हात नळाखाली धरला, दवाखान्यातली बँडेजची गुंडाळी आणून बोटांवर फडकं बांधल्यासारखं जाड काहीतरी बांधलं. तिचे हात सराईत होते. एकही विनोद नाही.

"एक्स-रे काढायला हवा," शेवटी म्हणाली.

"उद्या. आधी हे संपवतो."

तिने आईकडे पाहिलं. ती नजर मी ओळखायला हवी होती. त्या नजरेत मी एकेकाळी तिच्या शेजारी बसलेला होतो.

६

सोमवारी सकाळी कॉइल सुटली. जोर लावावा लागला नाही. मी चकतीला हात लावला आणि ती पूर्ण गाठीसकट, गाठ तोंडापेक्षा जाड असूनही, घरंगळत माझ्या मांडीवर आली. ॲसिडने थर खाल्ला असणार. मी गाठ टॉवेलवर ठेवून कडेने हलकी टिचकी मारत गेलो. अक्रोड उघडावा तशी ती दोन वाट्यांत उघडली.

आत कॉइल नव्हती. कॉइल एका कडेला मोडून पडली होती. वाट्यांच्या आत पोकळी होती, स्वच्छ, कोरडी. बोटांच्या पेऱ्यांवरच्या रेषा, अंगठ्याच्या नखाची कड, सगळं. वर्षानुवर्षांच्या पुटांनी घडलेलं, बाहेरून आत नव्हे तर आतून बाहेर, एकावर एक. तळाची पुटं तेव्हाची होती जेव्हा मी या टाकीखाली बसून गुडघ्यात डोकं खुपसत होतो.

मी का केलं माहीत नाही. बँडेज सोडलं. करंगळी जांभळी, सुजलेली, मधल्या सांध्यातून बाहेर वळलेली होती. मूठ आवळली, दुखलं, तरी आवळली. वाटीत ठेवली.

ती बसली. सुजेसकट बसली.

मी उठलो आणि दोन्ही वाट्या घेऊन बाहेर आलो. आई भाजी चिरत होती. धाकटी मोबाइलवर बोलत होती, "हो, घेऊन जा. नवा लावा. जुना सगळा भंगारात, तुकडे पण."

"कुणाशी बोलतेयस?"

"वॉशर येतोय. दादा, बास झालं आता. ते बाहेर जाऊ दे."

"हे बघ आधी. हे बघ, माझा हात..."

"मला नाही बघायचं."

"बघायला हवं! न बघितल्यानेच सगळं झालंय!"

"आवाज कमी कर."

"मी ओरडत नाहीये!" माझ्या आवाजाने कपाटातली भांडी वाजली. मी तिचं मनगट धरलं होतं. कधी धरलं ते मला आठवत नाही. तिची बोटं पांढरी पडली होती आणि ती हिसडा देत नव्हती. अंग सैल सोडून उभी होती, जसं आम्ही शिकलो होतो, कारण हिसडा दिला की जास्त लागतं. वाट्या खाली पडून फुटल्या. मला तिला समजावून सांगायचं होतं, शांतपणे, शास्त्रशुद्ध, आणि माझ्या तोंडून आलं, "प्रेशर बाहेर काढावंच लागतं."

आईची सुरी पाटावर चालत होती. टक, टक, टक.

मग आई, मान वर न करता, शेजारणीला हवापाणी सांगावं तशा आवाजात म्हणाली,

"तापलं."

भिंतीवर गीझर नव्हता. तापायला टाकीत पाणीच नव्हतं.

धाकटीने मनगट सोडवून घेतलं. धावली नाही. हातातला मोबाइल टेबलावर ठेवला, बाथरूममध्ये गेली, दार लोटलं. कडी लागल्याचा आवाज आला. आणि क्षणभराने आतून, फरशीवर आडव्या पडलेल्या, वायर सोडवलेल्या, रिकाम्या टाकीतून कडकड सुरू झाली. कुणी दातांखाली खडे फोडतंय तशी.

मी दारासमोर उभा होतो. डावा हात आपोआप खालच्या फळीवरून फिरला आणि मला लांबी भरलेले खळगे लागले. मला फक्त एवढंच सांगायचं होतं की मी ते नाही. मी शिकून आलोय. मी हे सगळं काढून टाकायला आलोय. पण ते सांगायचं तर दार वाजवावं लागणार होतं.

मी उजवा हात उचलला.

दोन ठोके. मग थांबलो. आत कडकड थांबली. कुणीतरी श्वास धरून ठेवला होता.

तिसरा बोथट आला. करंगळीमुळे.